फुल अॅडरसाठी 28, 20 की 10 ट्रान्झिस्टर?

कमी विजेवर चालणारं सर्किट करायचं ठरलं की सगळ्यांची नजर आधी ट्रान्झिस्टरच्या संख्येवर जाते. एम.टेक.च्या प्रकल्पांमध्ये तर हे हमखास दिसतं. एका बिटाच्या फुल अॅडरला, म्हणजे दोन बिट आणि मागून आलेला हातचा (कॅरी) यांची बेरीज करणाऱ्या सर्किटला, नेहमीच्या स्टॅटिक सीमॉसमध्ये (पीमॉस आणि एनमॉस या दोन पूरक प्रकारच्या ट्रान्झिस्टरांची पद्धत) 28 ट्रान्झिस्टर लागतात, ट्रान्समिशन गेट (एनमॉस-पीमॉस जोडून केलेले स्विच) वापरले तर 20 पुरतात आणि जीडीआय (गेट डिफ्यूजन इनपुट) किंवा तत्सम पद्धतीने काम 10 वर येतं. मग 10 वालाच घ्यावा, नाही का? माझं मत विरुद्ध आहे. निवड करताना संख्येआधी व्होल्टेज बघा.

स्विचिंगमध्ये खर्च होणारी वीज कपॅसिटन्स, फ्रिक्वेन्सी आणि पुरवठा व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकारावर ठरते. 1.8 व्होल्टचा पुरवठा 1.2 वर आणला, तर बाकी काही न बदलता हा खर्च 44 टक्क्यांवर येतो. वेग कमी होतो, पण बचतीचं याहून मोठं हत्यार डिझायनरच्या हातात नाही. म्हणून खरा प्रश्न असा की तिन्हींपैकी कोणतं सर्किट व्होल्टेज उतरवू देतं?

जीडीआयची कल्पना देखणी आहे. मॉर्गेनश्टाइन, फिश आणि वॅग्नर यांनी 2002 मध्ये ती सविस्तर मांडली. दिसायला इन्व्हर्टरच (0 चा 1 आणि 1 चा 0 करणारं सर्किट), पण पीमॉस आणि एनमॉसचे सोर्स (ट्रान्झिस्टरचं एक टोक) पुरवठ्याला आणि ग्राउंडला बांधून न ठेवता तिथेही इनपुट द्यायचे. सीमॉसमध्ये अँड गेटला (दोन्ही इनपुट 1 असतील तरच 1 देणाऱ्या सर्किटला) 6 ट्रान्झिस्टर लागतात, इथे 2. मल्टिप्लेक्सरही (अनेक इनपुटांतून एक निवडणारा) 2 मध्येच होतो.

अडचण या अँड गेटमध्येच दिसते. दोन्ही इनपुट 1 असताना आउटपुटवर 1 पोचवायचं काम एनमॉसकडे येतं आणि एनमॉस पूर्ण 1 पोचवू शकत नाही, थ्रेशोल्डएवढं (ट्रान्झिस्टर चालू व्हायला लागणारं किमान) व्होल्टेज मागे राहतं. बॉडी इफेक्टसह (सोर्सचं व्होल्टेज वर गेल्याने थ्रेशोल्डमध्ये होणारी वाढ) हा तोटा 0.5 व्होल्ट धरला, तर 1.8 च्या जागी 1.3 मिळतात. हे 1.3 पुढच्या इन्व्हर्टरला दिले की त्याचा पीमॉस नीट बंद होत नाही. एनमॉस चालू, पीमॉस अर्धवट चालू, आणि करंट पुरवठ्यातून थेट ग्राउंडकडे वाहत राहतो. ट्रान्झिस्टर वाचवून मिळवलेली वीज इथे गळते. पुरवठा 0.9 व्होल्टवर आणला तर उरतात 0.4, तेवढ्यात पुढचा एनमॉस जेमतेम चालू होईल. म्हणजे सगळ्यात मोठं हत्यारच हातातून गेलं.

28 वाल्यात हे होत नाही. प्रत्येक आउटपुट पूर्ण 0 किंवा पूर्ण 1 असतं, व्होल्टेज उतरवलं तरी सर्किट फक्त मंदावतं. जागा जास्त खातो आणि एक्सॉरसारखी (दोन इनपुट वेगळे असतील तरच 1) कामं त्याला महाग पडतात, हे मान्य. पण सेल लायब्ररीत (तयार सर्किट-तुकड्यांच्या संचात) तो आयता मिळतो. 2020 पासून खुल्या असलेल्या, स्काय130 या चिप प्रक्रियेच्या लायब्ररीतही फुल अॅडरचा तयार सेल आहे, वेळेची मोजमापं आधीच झालेली. जीडीआयचा सेल हाताने काढून, मोजून, तपासून घ्यावा लागेल. शिवाय मूळ मांडणीत बल्कही (ट्रान्झिस्टरच्या खालचा सिलिकॉनचा भाग) इनपुटला जोडलेला आहे, आणि साध्या सीमॉस प्रक्रियेत सगळ्या एनमॉसचा बल्क सामाईक असतो, त्यामुळे तो प्रत्येकाला वेगळा जोडता येत नाही.

20 वाल्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो सरळ आहे. एनमॉस-पीमॉसची जोडी असल्याने व्होल्टेज घटत नाही, आणि सम (बेरीज) व कॅरी साधारण एकाच वेळी येतात, त्यामुळे गुणाकाराच्या सर्किटात तो शोभतो. मात्र त्याला स्वतःचा जोर नाही. अॅडर एकापुढे एक जोडले की उशीर वाढत जातो आणि तीन-चार टप्प्यांनंतर बफर (सिग्नलला पुन्हा जोर देणारं सर्किट) घालावा लागतो. तो बफर हिशोबात धरायला विसरू नका.

मग 10 वाल्याचे आकडे इतके आकर्षक का दिसतात? बऱ्याचदा मोजण्याची पद्धत चुकते. पास-ट्रान्झिस्टर पद्धतीत (जीडीआयही त्यातलीच) इनपुट गेटवर, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या नियंत्रक टोकावर, थांबत नाही, त्यातूनच आउटपुट चार्ज होतं. सिम्युलेशनमध्ये इनपुटला आदर्श व्होल्टेज सोर्स लावून फक्त व्हीडीडीचा (पुरवठ्याचा) करंट मोजला, तर ही वीज हिशोबातच येत नाही. झिमरमन आणि फिश्टनर यांनी 1997 मध्ये पास-ट्रान्झिस्टर लॉजिकचा सीपीएल (कॉम्प्लिमेंटरी पास-ट्रान्झिस्टर लॉजिक) हा प्रकार वास्तवाला धरून मोजला, तेव्हा बहुतेक ठिकाणी साधा सीमॉसच सरस ठरला.

तर प्रोसेसर किंवा सिंथेसिसमधून (सॉफ्टवेअरने सर्किट तयार करण्यातून) जाणारं काहीही असेल, 28 घ्या. हाताने लेआउट (चिपवरची मांडणी) करत असाल आणि एक्सॉर भरपूर असतील, तर 20. जागा अगदी तुटपुंजी, पुरवठा ठरलेला, वेग कमी आणि आउटपुटला पातळी सावरणारा इन्व्हर्टर घालायची तयारी असेल, तरच 10. आणि त्याची चाचणी घेताना इनपुटला खरे इन्व्हर्टर लावा, आउटपुटला खरा लोड लावा, त्या इन्व्हर्टरांची वीज बेरजेत धरा, आणि स्लो कॉर्नरला (ट्रान्झिस्टर सर्वात मंद निघतील अशा निर्मितीतल्या टोकाच्या स्थितीला), सगळ्यात कमी तापमानाला चालवून बघा, कारण थ्रेशोल्ड तिथेच सर्वात जास्त असतो.