खाडीतला बोर्डवॉक: परत लाकूड की एफआरपी (काचेच्या तंतूंनी मजबूत केलेलं प्लास्टिक)?

नवी मुंबईतल्या ऐरोलीसारख्या खाडीकाठी जुना लाकडी बोर्डवॉक, म्हणजे खांबांवरची फळ्यांची पायवाट, बदलायचा म्हटलं की पहिला आग्रह सागवानाचाच. दिसायला छान, उन्हात पायाला फार चटकत नाही, आणि एखादी फळी गेली तर लोकल सुतार बदलून देतो. पण खारं पाणी, भरती-ओहोटी आणि वर चार महिने पाऊस, म्हणजे खालचे खांब किडे पोखरतात, वर शेवाळ धरतं, खिळे डोकं वर काढतात आणि व्हीलचेअरवाल्याला प्रत्येक फळीला धक्का.

एफआरपी जाळी महाग पडते सुरुवातीला, पण गंजत नाही, सडत नाही, वरचा खरखरीत थर ओला असला तरी पाय सरकत नाही, शिवाय जाळीतून ऊन खालच्या झाडांपर्यंत जातं ते वेगळंच. फक्त एक बघा, साधी जाळी ३८ मिमीच्या चौकोनांची येते, त्यात काठीचं टोक किंवा व्हीलचेअरचं पुढचं चाक अडकू शकतं, म्हणून १२-१३ मिमीपेक्षा मोठी फट नको, नाहीतर वरून बंद असलेला पॅनल घ्या. कापलेल्या कडा रेझिनने सील करा, बोल्ट ३१६ स्टेनलेसचेच (खाऱ्या पाण्यात जास्त टिकणारा स्टीलचा प्रकार).

माझं मत एफआरपीला, उताराला मात्र १:१२ पेक्षा (बारा फुटांना एक फूट) जास्त चढ ठेवला तर व्हीलचेअरसाठी दोन्ही मटेरियल सारखीच बिनकामाची. लाकूड हवंच असेल तर कठड्याला वापरा की.