१४ महिने वापरून: शिवलेल्या सोलचे इको-फ्रेंडली बूट

कॅनव्हासचं अपर (पाय झाकणारा वरचा भाग), कॉर्कचा इनसोल (आत पायाखाली असतो तो थर), नैसर्गिक रबराचा सोल, आणि तो सोल नुसता चिकटवलेला नाही तर कडेने शिवलाय. मी हे बूट घेतले ते या शिवणीसाठीच.

आधीचे बूट होते त्यांच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की कापड जुन्या प्लास्टिकच्या बाटल्यांपासून बनवलंय, मी खूश होऊन घेतले आणि आठ महिन्यांत पुढून सोल उघडला. दुरुस्तीवाल्या काकांनी अंगठ्याने दाबून बघितलं, म्हणाले फोम बसलाय, सोल्युशन लावलं तरी धरणार नाही आणि सुई मारली तर फाटेल. कापड अगदी नव्यासारखं होतं हो! पण कापड, फोम, रबर सगळं एकमेकांना असं चिकटवलेलं की वेगळं काढताच येत नाही, मग रिसायकल तरी काय करणार, अख्खा जोड टाकून द्यावा लागला.

अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एका रनिंग शूजच्या जोडाचा हिशोब काढला होता, ६५ सुटे भाग, ३६० च्या वर प्रोसेस आणि हवेत जाणारा साधारण १४ किलो कार्बन डायऑक्साइड, त्यातला मोठा वाटा कच्च्या मालाचा नाही तर कारखान्यात बूट बनवण्याचा. म्हणजे नुसतं कापड बदलून भागत नाही, भाग कमी हवेत आणि बूट जास्त वर्षं टिकायला हवा. आदिदासने २०१९ मध्ये एकाच प्रकारच्या प्लास्टिकचा, गोंद न वापरता केलेला बूट दाखवला होता, तो विचार मला पटतो.

आता या बुटांचं. पहिले दोन आठवडे टाचेला चावले, ओल्या फरशीवर जपून चालावं लागतं, आणि पळायला अजिबात घेऊ नका. टाचेच्या आतलं अस्तर झिजलं तेव्हा कळलं की ते पॉलिस्टर आहे, बॉक्सवर त्याचा उल्लेखच नाही, हे मला आवडलं नाही. पण मागच्या महिन्यात टाच बाहेरच्या बाजूने पार घासली होती तर त्याच काकांनी शिवण उसवली, सोल काढला, नवीन सोल जुन्याच भोकांतून शिवून दिला! कॉर्कवर माझ्या पायाचा ठसा उमटलाय तो तसाच आहे, म्हणून पुन्हा चावले नाहीत.

फक्त त्या मापाचा सुटा सोल कंपनी विकत नाही, काकांना मोठा घेऊन कापावा लागला. मी कंपनीला तसं लिहिलंय, तुम्ही घेतलेत तर तुम्हीही लिहा. आणि अर्धा नंबर मोठा घ्या.