चावट कथा ऑनलाईन विकायच्या तर कुठे: केडीपी, स्मॅशवर्ड्स, पॅट्रिऑन की टेलिग्रामवर पीडीएफ?

परवा एका मैत्रिणीने फोनवर एकदम आवाज खाली आणून विचारलं, अगं ते तू लिहितेस ना तसलं, त्याचे खरंच पैसे मिळतात का? मिळतात. लिखाण बरं असावं लागतंच, पण खरा फरक पडतो तो भाषा कुठली घेतली, माल कुठे ठेवला आणि पैसे कुठल्या वाटेने घरी आले याने. तिला तासभर जे सांगितलं ते इथे लिहून टाकते, म्हणजे पुढच्या मैत्रिणीला नुसती लिंक पाठवेन.

आधी भाषा, कारण प्लॅटफॉर्म त्यावरच ठरतो. इंग्रजीत लिहिलंत तर गिऱ्हाईक अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाचं, त्यांना तीन डॉलर म्हणजे किरकोळ आणि असलं वाचायला पैसे मोजायची सवय आहे. मराठीत वाचक ढिगाने आहेत, रात्री बारानंतर तर विचारूच नका, पण स्टँडवर पिवळ्या पुस्तकासाठी गुपचूप नोट सरकवणारा तोच वाचक मोबाईलवर आला आणि त्याला फुकटाची चटक लागली. म्हणून पैसा हवा असेल तर इंग्रजी, मन रमवायचं असेल तर मराठी, असं मी सरळ सांगते. फक्त इंग्रजीत लिहायचं म्हणून मोंटानाच्या काउबॉयवर लिहायला जाऊ नका. मी गेले होते, घोड्याचं खोगीर कसं उतरवतात हे शोधण्यात दोन दिवस गेले आणि तरी एका वाचकाने चूक काढलीच. तिथल्यांना आपल्याकडची गोष्ट चालते, पावसाळा, बंद पडलेली लोकल, लग्नघरात कमी पडलेल्या खोल्या, हे सगळं आपल्याला फुकट येतं.

आता केडीपी, म्हणजे अॅमेझॉनचं किंडल डायरेक्ट पब्लिशिंग. सगळे इथूनच सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे कारण गिऱ्हाईक तिथेच आहे. हिशेब असा की किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मधे ठेवली तर ७० टक्के मिळतात, त्याच्या खाली किंवा वर ३५ टक्के. ९९ सेंटला गोष्ट विकली तर हातात ३५ सेंट येतात आणि २.९९ ला विकली तर दोन डॉलर आणि वर थोडी चिल्लर, म्हणजे एका महाग गोष्टीचे पैसे मिळवायला स्वस्तातल्या सहा विकाव्या लागतात. नवीन माणूस घाबरून ९९ सेंट लावतो. नका लावू. या प्रकारात पाच-सहा हजार शब्दांची गोष्ट २.९९ ला असणं नेहमीचंच आहे, कोणी नाक मुरडत नाही. भारतातल्या विक्रीवर मात्र ७० टक्के हवे असतील तर केडीपी सिलेक्टमध्ये जावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच नाही, तुमच्या स्वतःच्या ब्लॉगवरसुद्धा नाही.

सिलेक्टमध्ये गेलं की किंडल अनलिमिटेडचे, म्हणजे महिन्याची वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं उसनी घेणारे वाचक मिळतात, तिथे पैसे वाचलेल्या पानांवर येतात. यातली गंमत जुन्या लोकांना विचारा. जुलै २०१५ च्या आधी कोणी गोष्ट उसनी घेऊन १० टक्के वाचली की लेखकाला एक ठराविक रक्कम मिळायची, सव्वा डॉलरच्या आसपास, मग गोष्ट वीस पानांची असो की चारशेची. साहजिकच वीस पानी चावट गोष्टींचा पूर आला, दोन पानं वाचली की पैसे. मग अॅमेझॉनने पानामागे पैसे सुरू केले, पानाला अर्धा सेंटसुद्धा पडत नाही, म्हणजे तीस पानांची गोष्ट कोणी शेवटपर्यंत वाचली तरी पंधरा सेंटच्या आत (आणि या प्रकारात शेवटपर्यंत कोण वाचतं हाही प्रश्नच आहे). भारतातल्या वाचकाचा पानाचा दर त्याहून कमी. त्यामुळे छोट्या गोष्टी लिहिणाऱ्याने अनलिमिटेडच्या भरवशावर राहू नये, आणि लांबलचक, भावनांचा गुंता असलेली मालिका लिहिणारीने जरूर जावं. पाच-सहा सुट्या गोष्टी झाल्या की त्यांचा एकत्र संच करून तोही विकायचा, लिहायचं काम एकदाच.

केडीपीची दुखरी बाजू म्हणजे ज्याला सगळे डंजन म्हणतात, तळघर. पुस्तकावर अॅडल्टचा शिक्का बसला की ते साध्या सर्चमध्ये दिसेनासं होतं, विक्रीला असतं पण सापडत नाही. नियम मुद्दाम मोघम आहेत आणि पुस्तक आतून वाचण्याआधी बघितलं जातं ते कव्हर, नाव आणि वर्णन. हे सगळीकडेच तसं. माझी एक गोष्ट एका साइटने अडवली होती, नाव सांगत नाही. कव्हरवर काय होतं? एका बाईची पाठमोरी आकृती, पाठ उघडी आणि ब्लाउजची नाडी, बस. मेल आला चार ओळींचा, कारण काहीच नाही. मी कव्हर बदलून पावसाची खिडकी लावली, खिडकीत मोगऱ्याचा गजरा, आतला एक शब्द बदलला नाही आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट लाइव्ह. तेव्हापासून माझ्या सगळ्या कव्हरांवर खिडक्या, चहाचे कप आणि गजरे आहेत, लांबून बघणाऱ्याला वाटेल पाककृतींचं पुस्तक आहे.

केडीपीवर एका माणसाला एकच खातं, ते बंद झालं तर दुसरं उघडता येत नाही. त्यामुळे त्याच खात्यात बालकथा किंवा तुमचा गंभीर कवितासंग्रह असेल तर तोही सोबत बुडतो, हे आधी डोक्यात ठेवा. आणि एआयकडून लिहून घेऊन रोज ढीगभर टाकू असा बेत असेल तर सप्टेंबर २०२३ पासून मजकूर एआयचा आहे का ते सांगावं लागतं आणि नवीन पुस्तकं किती टाकायची यालाही मर्यादा आहे.

स्मॅशवर्ड्सचं वागणं एकदम वेगळं. २००८ पासूनचं दुकान आहे, २०२२ मध्ये ते ड्राफ्ट२डिजिटल या त्याच धंद्यातल्या कंपनीकडे गेलं. तिथे तुम्ही स्वतःच सांगता की ही इरॉटिका आहे, यात अमुक आहे, तमुक नाही, आणि त्याप्रमाणे जे दुकान घेईल तिथे पुस्तक जातं. लपवाछपवी नाही, म्हणून डोक्याला शांती. त्यांच्या स्वतःच्या दुकानातून विकलं गेलं तर तुमचा हिस्सा ८० टक्क्यांपर्यंत जातो, मार्च आणि जुलैत सेल असतात, तेव्हा खरी विक्री होते. पण गर्दी अॅमेझॉनच्या मानाने फारच कमी. पहिले काही महिने आकडा हललाच नाही तर तो तुमचा दोष नाही, ते दुकानच गल्लीतलं आहे. मी काय करते, नवीन गोष्ट आधी केडीपी सिलेक्टमध्ये ९० दिवस, मग बाहेर काढून स्मॅशवर्ड्सवर. सिलेक्ट आपोआप रिन्यू होतं, तो टिक काढायला विसरू नका, मी दोनदा विसरले.

तरी इथेही निर्धास्त राहू नका, कारण या धंद्यात शेवटचा शब्द पैसे पोचवणाऱ्यांचा असतो. फेब्रुवारी २०१२ मध्ये पेपालने स्मॅशवर्ड्सला सांगितलं होतं की बलात्कार, रक्ताच्या नात्यातले संबंध वगैरे विषयांची पुस्तकं काढा नाहीतर खातं बंद, मग बोंबाबोंब झाली आणि मार्चमध्ये पेपाल नरमलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये असल्या पुस्तकांवरून माध्यमांत गदारोळ झाला तेव्हा कोबो या ई-बुकच्या दुकानाने तिथली स्वतः प्रकाशित केलेली पुस्तकं सरसकट उतरवली, त्यात बिचाऱ्या साध्या प्रेमकथाही गेल्या. गेम, पुस्तकं विकणाऱ्या इच.आयओ या साइटने जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाखाली सगळा प्रौढ मजकूर सर्चमधून काढला. म्हणून फाइल, कव्हर, वर्णन सगळं स्वतःकडे ठेवा, एका दिवसात दुसरीकडे टाकता आलं पाहिजे.

पॅट्रिऑन, सबस्टॅक वगैरे महिन्याची वर्गणी घेणाऱ्या जागांबद्दल थोडक्यात. सबस्टॅकच्या नियमात इरॉटिक साहित्य चालतं, ते १० टक्के घेतात, पण पैसे स्ट्राइप या पेमेंट कंपनीतून येतात आणि भारतात २०२४ पासून स्ट्राइपचं खातं आमंत्रण असेल तरच, शिवाय स्ट्राइपचे स्वतःचे नियम असल्या साहित्याला नाहीच म्हणतात. पॅट्रिऑन १८+ चा शिक्का मारून चालवू देतं पण नवीन वाचक तिथे आपणहून येत नाही, तो तुम्हालाच आणावा लागतो. भारतातला वाचक येईल म्हणाल तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे दर महिन्याला आपोआप पैसे कापण्याचे नियम कडक झाले, परदेशी वर्गण्या अडकायला लागल्या त्या तेव्हापासून. तुमच्याकडे आधीच शंभरेक हक्काचे वाचक असतील तर या भानगडीत पडा, शून्यातून सुरुवात करत असाल तर नको.

आता मराठीवाले. प्रतिलिपीवर वाचक प्रचंड, कमेंटी प्रेमळ, पुढचा भाग कधी म्हणून जीव खातात, पण तिथे उघडंवाघडं चालत नाही, दार बंद झालं की कॅमेरा बाहेरच. तशी प्रेमकथा जमत असेल तर सुपरफॅनची वर्गणी आणि नाण्यांमधून थोडंफार सुटतं. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी चालतं, तिथे शृंगारिक पण सभ्य नावाची, सभ्य कव्हरची मराठी गोष्ट हळूहळू विकली जाते, एका महिन्यात दोन वडापावचे, दुसऱ्या महिन्यात अचानक हॉटेलात जेवणाचे.

आणि टेलिग्राम. चॅनल काढायचं, दोन भाग फुकट, तिसऱ्यापासून पीडीएफ ५० रुपये, यूपीआय करा. ऐकायला सगळ्यात सोपं, कमिशन शून्य, पैसे त्या क्षणी खात्यात. पण समोरच्याने क्यूआर स्कॅन केला की त्याच्या स्क्रीनवर काय येतं? तुमचं बँकेतलं नाव, आडनावासकट. वरती चॅनलचं नाव कामिनी आणि खाली पेमेंटला तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. त्यात यूपीआय आयडी मोबाईल नंबरचा असेल तर झालंच, रात्री दीड वाजता फोन. आणि पीडीएफ पहिल्या गिऱ्हाईकानंतर पाचशे ग्रुपमध्ये फुकट. मी कोणालाही हे करू नका असंच सांगते, पैशापेक्षा नावासाठी.

टोपणनाव केडीपीवर आणि स्मॅशवर्ड्सवर निवांत चालतं, खरं नाव फक्त बँक आणि टॅक्ससाठी. टॅक्सचा फॉर्म भरताना पॅन टाकून भारत-अमेरिका कराराचा फायदा मागा, नाहीतर अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कापतात, मागितला तर १५. केडीपीचे पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येतात. बाहेरून पैसे आले की बँक पर्पज कोड विचारते. मला पहिल्यांदा शाखेतून फोन आला, मॅडम हे पैसे कसले? म्हटलं पुस्तकांची रॉयल्टी. अरे वा, कसली पुस्तकं लिहिता? म्हटलं, कौटुंबिक. ते म्हणाले, आमच्या मिसेसना आवडतात तसली, नाव सांगा ना. मी फोन कट झाल्यासारखं केलं.

कायद्याचं बोलायलाच हवं कारण अमेरिकन साइटवर टाकलं तरी तुम्ही बसलाय इथे. आयटी अॅक्टचं कलम ६७ अश्लील मजकूर ऑनलाईन प्रकाशित करण्याबद्दल आहे, पहिल्यांदा ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड, ६७ए त्याहून कडक, ५ वर्षं आणि १० लाख. भारतीय दंड संहितेतलं जुनं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ झालंय. साहित्य, कला यांना लोकहितासाठी सूट आहे, पण ती तुम्हाला लागू होते का हे कोर्टात सिद्ध होणार, तोवर चकरा तुमच्याच. आपल्याकडचंच उदाहरण चंद्रकांत काकोडकरांचं. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात त्यांची गोष्ट आली, खटला झाला, खालच्या कोर्टाने सोडलं, हायकोर्टाने २५ रुपये दंड केला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. निकालात म्हटलंय की गोष्ट वाङ्मय म्हणून काही थोर नाही पण अश्लीलही नाही, म्हणजे सुटका आणि समीक्षा एकदमच मिळाली. सात वर्षं गेली त्यात, २५ रुपयांसाठी. पात्रं सगळी सज्ञान, संमती स्पष्ट, खऱ्या माणसावर बेतलेलं काही नाही, एवढं तरी पाळा, अल्पवयीन पात्राच्या जवळपाससुद्धा जाऊ नका, तिथे ना कुठली साइट उभी राहते ना कायदा, आणि राहूही नये. सरकारी नोकरी असेल तर आधी वकिलाला विचारा, मग लिहा.

तर मैत्रिणीला मी सांगितलं ते असं. इंग्रजी बरं आहे, दिवसातून तासभर मिळतो, तर एकाच जगातल्या सहा गोष्टी आधी लिहून ठेव, मग दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे केडीपीवर २.९९ ला टाक, सहाव्यानंतर संच, मग स्मॅशवर्ड्स. सहा महिने हिशेब बघू नकोस. मराठीच लिहायचं असेल तर पगार सोडायचा विचार मनातसुद्धा आणू नकोस.

तिने अजून एक ओळ लिहिलेली नाही. टोपणनाव मात्र ठरलंय, आणि ते नेमकं आमच्या आठवीच्या मराठीच्या बाईंचं आहे, आडनावासकट. बदल म्हटलं, तर रुसलीये.