वेंगुर्ल्याची कांदळवन सफर: गरवणाऱ्यांनी एकदा तरी जावं अशी

मी रविवारी गरी घेऊन खडपावर, म्हणजे समुद्रकाठच्या खडकावर, बसणारा माणूस. होडीतून झाडं बघायला पैसे कशाला मोजायचे, म्हणून मांडवी खाडीतल्या कांदळवनाची, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या जंगलाची, ही सफर कित्येक वर्षं टाळली. गेल्या डिसेंबरात पुण्याहून भाची आली, तिनं हट्ट धरला, म्हणून गेलो. तेव्हापासून चार वेळा जाऊन आलोय.

ही सफर स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून चालवतात. होडी त्याच वल्हवतात, माहितीही त्याच सांगतात. मशीनचा आवाज नसल्यामुळे शेवटा मासा पाण्याबाहेर उडी मारून परत आपटतो तेही ऐकू येतं. तिवर कुठली, कांदळ कुठला, चिप्पी कुठली हे झाडाजवळ होडी नेऊन दाखवतात. पांढरी चिप्पी २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे, हे मला तिथंच कळलं.

पण मला सांगायचंय ते मुळांबद्दल. कांदळाची मुळं छत्रीच्या काड्यांसारखी चिखलात रोवलेली असतात. भरतीचं पाणी त्यांच्यात शिरलं होतं आणि ताईंनी वल्हं थांबवलं. सावलीत बोटाएवढी पिल्लं मुळाला चिकटून उभी होती. काळपट अंग, त्यावर फिकट उभे पट्टे, गालावर निळसर रेघ. मी ओळखली लगेच. तांबोशीची पिल्लं. खाडीच्या तोंडाशी गरवताना असली, याहून थोडी मोठी, किती तरी काढून मी घरी नेली आहेत. कालवणात काट्यांशिवाय काही नसायचं.

ताई म्हणाल्या, ‘‘दादानू, ह्यां पान पाण्यात पडलां काय कुजता, तेच्यावर कोळंबी जगता, आणि कोळंबीर तुमची तांबोशी.’’ एवढ्यात सगळं आलं. तांबोशी अंडी घालते बाहेर समुद्रात, पण पिल्लं वाढतात खाडीत, या मुळांच्या आडोशाला, जिथं मोठ्या माशाला शिरता येत नाही. अंगानं भरली की मग बाहेर खडपात जातात. म्हणजे मी ज्या मोठ्या तांबोशीची रात्र रात्र वाट बघतो, ती आधी काही वर्षं असल्याच कांदळवनात राहिलेली असते. जिताड्याची पिल्लंही अशीच खाडीत, खाजणात वाढतात.

हे ऐकताना मला माझ्या आजोळची खाडी आठवली. मामानं मला गरी बांधायला शिकवली ती तिथं. पुढं काठावरच्या तिवरीवर कोणी तरी रातोरात मातीचे डंपर ओतले. उच्च न्यायालयानं २००५ मध्येच कांदळवन तोडायला आणि त्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली होती, तरी हे झालं. आम्ही तक्रार दिली, खेटे घातले, माती तशीच राहिली. त्या बांधावर पूर्वी तासाभरात पिशवीभर शेवटे मिळायचे. आता मामा तिथं बसतसुद्धा नाही. मांडवीची हिरवी भिंत बघताना मला म्हणूनच भरून आलं. इथल्या बायकांची चूल त्या झाडांवर चालते, त्यामुळे तिथं कोयता घेऊन उतरायची कोणाची छाती होणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. भरतीची वेळ आधी विचारून घ्या. सुकतीला खाडीत चिखल जास्त आणि पाणी कमी, आत मुळांपर्यंत जाता येत नाही. लाइफ जॅकेट काढू नका. गरी घरी ठेवा. लहान मुलं असतील तर त्यांना होडीच्या पुढच्या बाजूला बसवा, खेकडे तिथून छान दिसतात. आणि झाडांची नावं विचारून झाली की ताईंना मासळीचं विचारा.

मी आता गरीला वीतभराहून लहान तांबोशी लागली तर हात ओले करून गळ सोडवतो आणि तिला पाण्यात सोडतो. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी अशा तीन सोडल्या.