सुकं म्हणून विकलेलं ओलं सिलिका जेल

वांग्याचं घरचं बियाणं पावसाळ्यात टिकवायला सिलिका जेलच्या, म्हणजे ओल शोषणाऱ्या मण्यांच्या, पुड्या घेणार असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

जूनच्या सुरुवातीला सांगलीत एका विक्रेत्याकडून ५ ग्रॅमच्या १,००० पुड्या घेतल्या. दाखवायच्या बरणीत गर्द निळे मणी होते. हातात पडला तो पांढरा माल, साध्या पातळ पिशवीत. निळा मणी ओल प्यायला की गुलाबी होतो, लगेच कळतं. पांढरा कोरडा असो वा ओला, दिसतो सारखाच. फसलो ते इथे.

कृष्णाकाठच्या वांग्याचं १ किलो बी, ५० पुड्या, घट्ट झाकणाचा डबा. सप्टेंबरअखेर उघडला तर कुबट वास. ओल्या फडक्यात ठेवलेल्या १०० बियांपैकी १४ दिवसांत ५१ उगवल्या. डबा भरताना हाच आकडा ८४ होता.

मग उरलेल्या पुड्या फोडून १०० ग्रॅम मणी १२० अंशांवर ३ तास तापवले. वजन भरलं ७४ ग्रॅम. २६ ग्रॅम पाणी, म्हणजे कोरड्या जेलच्या ३५ टक्के. जेल आणखी पिणार तरी किती? ५ किलोत १ किलो ३०० ग्रॅम पाणीच विकत घेतलं होतं. पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच. बंद डब्यात ओलं जेल आपलं पाणी सुक्या बियाला देतं. ५० पुड्यांत ६५ ग्रॅम पाणी. त्यातलं निम्मं जरी बियात गेलं तरी ओल ३ टक्क्यांनी वाढते. साधारण दर टक्क्याला बियाचं आयुष्य निम्मं होतं.

विक्रेता म्हणाला, ‘उन्हात टाका, परत चालतील.’ उन्हाने जेल पुरतं सुकत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. पुडी फोडून मणी स्टीलच्या ताटात बोटभर थरात पसरायचे, विजेच्या ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर २-३ तास ठेवायचे. निळे मणी याहून जास्त तापवले तर रंग बिघडतो. गॅसवर तव्यात नको, आच कळत नाही. ताट काढलं की गरम मणी लगेच काचेच्या कोरड्या बरणीत भरून झाकण लावायचं. उघड्यावर गार केले की ते हवेतली ओल पुन्हा पितात, मेहनत वाया. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, तब्येतीला घातक. ज्या घरात मुलं डबे हाताळतात तिथे कोबाल्ट नसलेले नारंगी मणी घ्या. मणी तापवायचं ताट वेगळंच ठेवा, स्वयंपाकाची भांडी तर मुळीच वापरू नका.

दुकानात वाटीभर पाणी मागा. एक पुडी फोडून चार-पाच मणी टाका. कोरडे असतील तर तडतडतात, फुटतात. ओले गुपचूप तळाशी बसतात. तरी शंका असेल तर १०० ग्रॅम घरी तापवून बघा. ३-४ ग्रॅमपेक्षा जास्त घट आली तर माल परत करा. पक्क्या बिलावर ‘नवीन, कोरडं’ आणि निव्वळ वजन लिहून घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना तेच हाती लागतं. आमच्या कच्च्या पावतीवर फक्त रक्कम होती, आणि विक्रेत्याने माल आपला नाहीच म्हणून हात वर केले.