साखरशाळा की हंगामी वसतिगृह?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावं रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी ऊसतोडीला निघतात आणि पोरंही ट्रॅक्टरवर चढतात. २०१० पासून ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा कायदेशीर हक्क आहे. तो उसाच्या फडात पोहोचवायचा कसा?

साखरशाळा, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांची शाळा, साखर कारखान्याच्या परिसरात भरते. मूल आईबापाजवळ राहतं, हे मोठंच. पण मजुरांच्या टोळ्या लांबलांब पांगलेल्या, फड बदलला की कोपी, म्हणजे राहायची झोपडीही हलते. शिवाय आई पहाटे कोयता घेऊन निघाली की धाकट्याला कडेवर घ्यायला मागे उरते ती आठ-नऊ वर्षांची ताई. तिला शाळा दोनशे पावलांवर असली तरी लांबच.

हंगामी वसतिगृहामुळे आईबाप तोडीला गेले तरी मूल गावातच राहतं. तीच शाळा, तेच गुरुजी, वेळेवर जेवण. वर्ष मधेच तुटत नाही, म्हणून माझा कल इकडेच. मात्र गाड्या निघून गेल्यावर वसतिगृहाला मंजुरी येऊन काय उपयोग? ते आधीच सुरू व्हायला हवं. रात्री लेक सुरक्षित राहील याची खात्री पटल्याशिवाय कुठली आई तिला मागे ठेवेल? आणि फडाजवळ तान्ह्यांसाठी पाळणाघर लागेलच, नाहीतर ताई पुन्हा ट्रॅक्टरवर चढेल.