शंभर बियांचा हिशेब: बायनॉमियल लावायचं की नॉर्मल?

कापूस लावण्याआधी आमचे आबा बी तपासून घेतात. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी, मग गुंडाळी, वरून सुतळी. चोपड्याकडे घरोघरी चालतं तसंच. यंदा शंभरातले 74 उगवले. दुकानदाराने उगवण 80 टक्के सांगितली होती. आबांचा प्रश्न सरळ होता: "हे नशीब म्हणायचं की बीच खोटं?"

म्हणजे 80 टक्के खरे धरले, तर 74 किंवा त्याहून कमी उगवण्याची शक्यता किती?

बायनॉमियलने (पुस्तकातलं द्विपद वितरण: प्रत्येक बी उगवेल किंवा नाही, त्यावरून किती उगवतील याची शक्यता) नेमकं उत्तर येतं: 8.75 टक्के. पण हाताने करायचं तर 26 पदांची बेरीज. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर 69 च्या पुढच्या फॅक्टोरियलला (1 पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) एरर दाखवतो, त्यामुळे सूत्र जसंच्या तसं टाकून भागत नाही. नॉर्मलला (घंटेच्या आकाराची सलग रेघ, बायनॉमियलच्या जवळपासचं उत्तर देणारी) दोन ओळी पुरतात. सरासरी 80, प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) 100 × 0.8 × 0.2 चं वर्गमूळ, म्हणजे 4. आता 74 न घेता 74.5 घ्यायचे, कारण बिया अख्ख्या मोजल्या जातात आणि नॉर्मलची रेघ सलग असते. झेड (सरासरीपासून किती विचलनं दूर) येतो उणे 1.375, उत्तर 8.46 टक्के. हा अर्धा विसरलात तर 6.68 येतं, आणि पेपरात मार्क बहुतेक इथेच जातात. एरवी पाव टक्क्याच्या फरकाने आबांचं काही बिघडत नाही. दोन्हीकडून निष्कर्ष एकच: शंभरात आठ-नऊ वेळा असं नुसत्या नशिबानेही होतं, एवढ्यावरून दुकानदाराशी भांडता येणार नाही.

नॉर्मल फसतं ते वेगळ्या ठिकाणी. रावेरच्या केळीवाल्याने टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) 100 रोपं आणली आणि त्यात खराब निघण्याचं प्रमाण 1 टक्का धरलं. एकही खराब न निघण्याची शक्यता बायनॉमियलने 36.6 टक्के, नॉर्मलने जेमतेम 24. उरलेलं गेलं कुठे? साडेसहा टक्के तर शून्याच्याही खाली सांडले, जणू उणे रोपं खराब निघणार! इथे पॉयसाँ (क्वचित घडणाऱ्या गोष्टींचं वितरण) लावा, 36.8 येतं. म्हणून अपेक्षित यश आणि अपेक्षित अपयश दोन्ही निदान 5 असल्याशिवाय नॉर्मलला हात लावू नये. मी तर 10 म्हणतो.

गणितज्ञ द मुआव्रने 1733 मध्ये बायनॉमियलऐवजी नॉर्मलची ही युक्ती काढली ती आकडेमोडीच्या कंटाळ्यापोटीच. आता मोबाइलवरची स्प्रेडशीट क्षणात नेमकं उत्तर देते, तेव्हा परीक्षा सोडून शक्यता काढायची असेल तर बायनॉमियलच. मात्र गोणपाटाची कड वाळून तिथल्या बिया एकदमच मेल्या असतील, तर दोन्ही सूत्रं गेली वाऱ्यावर. प्रत्येक बी स्वतंत्र आहे असं दोन्हींनी गृहीत धरलेलं असतं.

उलटा प्रश्न आला की मी अजून नॉर्मलकडेच वळतो. किती बिया तपासू? शंभरात विचलन 4 टक्के, चारशेत 2. बियाणं प्रयोगशाळेत शंभराचे चार गट करून 400 बिया लावतात. आबांना हे सांगितलं, तर ते आणखी तीन गोणपाटं भिजवायला उठले.